केबलची तार घरात होती, मग इंटरनेटसाठी नवी तार का ओढावी लागली?

प्रश्न असा आहे: केबल टीव्हीची कोॲक्स तार (मध्ये तांबे, भोवती जाळी) १९९०च्या दशकापासून आपल्या घरोघरी आहे. अमेरिकेत अशाच तारेवरून इंटरनेट आले आणि आजही चालते. मग आपल्याकडे त्याच केबलवाल्याला पुन्हा जिने चढून फायबर (प्रकाशाने सिग्नल नेणारी काचेची तार) का ओढावे लागले? यात तंत्राचा भाग किती, सरकारी धोरणाचा किती? आणि लहान केबलचालकाने आज काय पाहून पैसे घालावेत?

आधी थोडक्यात उत्तर देतो. तार वाईट नव्हती. कायद्याने ज्या कामासाठी खर्च करणे भाग पाडले, त्या कामाची यंत्रे बसली. बाकीची बसली नाहीत. आपल्या कायद्याला ग्राहक मोजायचे होते. ग्राहकाच्या घरातून उलट दिशेने सिग्नल यावा, ही अट त्याने कधीच घातली नाही.

केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा १९९५चा. त्याआधी आखाती युद्धाच्या सुमारास गच्चीवर डिश लावून आळीत तारा टाकण्याचा धंदा सुरू झाला होता आणि कायदा त्याच्या मागून आला. नोंदणी मुख्य टपाल कार्यालयात, एका वर्षापुरती, किरकोळ फी भरून. हद्द ठरवून दिलेली नव्हती. एकाच गल्लीत दोघांनी नोंदणी केली तरी दोघेही कायदेशीर. ज्याला उद्या आपली गल्ली आपल्याकडे राहील की नाही याचीच खात्री नाही, तो दहा वर्षांत वसूल होणारा खर्च करत नाही. उपकरणे भारतीय मानकांनुसार असावीत असे कायद्यात होते, पण प्रत्यक्षात जागेवर मीटर लावून कोणी तपासत नव्हते.

त्यातून जे जाळे उभे राहिले ते असे: हेडएंडपासून (केबलचालकाच्या मुख्य केंद्रापासून) आरजी-११ची जाड मुख्य तार, तिच्यावर एकामागे एक दहा-पंधरा अँप्लिफायर (सिग्नल वाढवणारी यंत्रे), प्रत्येकाला वीज जवळच्या एखाद्या ग्राहकाच्या मीटरवरून, आणि शेवटी आरजी-६ची घरात शिरणारी पातळ तार. तार तुटली की सोलायची, पिळायची, टेप गुंडाळायची. ॲनालॉग चित्रात याने थोड्या मुंग्या यायच्या, एवढेच. शिवाय कलम ८ने दूरदर्शनच्या वाहिन्या प्राइम बँडमध्ये दाखवणे सक्तीचे केले होते आणि जुने टीव्ही खालच्या फ्रिक्वेन्सीच नीट पकडत, त्यामुळे ४७ मेगाहर्ट्झपासूनची खालची जागा वाहिन्यांनी भरलेली असे. परतीच्या सिग्नलसाठी युरोपीय पद्धतीत ५ ते ६५ मेगाहर्ट्झ राखून ठेवतात. आपल्या जाळ्यात त्यातला वरचा तुकडा आधीच गेलेला होता.

या व्यवस्थेत सरकार आणि वाहिन्या यांची तक्रार एकच होती: घरे किती हे कळत नाही. करमणूक कर जोडणीमागे, वाहिनीचा पैसाही जोडणीमागे, आणि जोडण्यांचा आकडा केबलचालक सांगेल तोच. म्हणून पुढचे प्रत्येक पाऊल मोजणीच्या दिशेने पडले. आधी कॅस आले, म्हणजे सशुल्क वाहिन्या बॉक्सशिवाय न दिसण्याची पद्धत. चेन्नईत २००३मध्ये, तर मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या ठरावीक भागांत २००६च्या अखेरीस. दक्षिण मुंबईत त्या वेळी मोफत वाहिन्यांच्या संचाला ७७ रुपये आणि सशुल्क वाहिनीला ५ रुपये, असा ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) बांधलेला दर होता. मग २०११च्या दुरुस्तीने कलम ४अ बदलले आणि डिजिटल ॲड्रेसेबल प्रणाली सक्तीची झाली. मुंबईसह चार महानगरांत ३१ ऑक्टोबर २०१२, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर यांसह ३८ शहरांत ३१ मार्च २०१३, आणि उरलेला देश २०१७पर्यंत.

इथे जरा थांबून पाहू, कारण सगळी मेख इथे आहे. नियमाने मागितले काय? सिग्नल कूटबद्ध हवा, प्रत्येक सेट-टॉप बॉक्सला क्रमांक हवा, हेडएंडला कंडिशनल ॲक्सेस (कोणत्या बॉक्सला कोणती वाहिनी दिसेल ते ठरवणारी यंत्रणा) आणि ग्राहक-नोंदीची प्रणाली हवी, दोन्हींचे आकडे जुळायला हवेत. हे सारे एकेरी तारेवर जमते. हेडएंड प्रत्येक बॉक्ससाठीचा हक्क-संदेश त्याच प्रवाहात सतत फिरवत ठेवते. बॉक्स आपला क्रमांक दिसला की तो उचलतो. उलट उत्तर देण्याची गरजच नाही. म्हणून पॅकेज बदलले आणि बॉक्स बंद असेल तर वाहिनी चालू होत नाही. ग्राहक फोन करतो आणि ऑपरेटर म्हणतो, ‘बॉक्स चालू ठेवा, रिफ्रेश मारतो.’ फेब्रुवारी २०१९मध्ये ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली आणि प्रत्येक घराची वाहिन्यांची यादी वेगळी झाली, तेव्हा हे संदेश एकदम इतके वाढले की रिफ्रेशला ताटकळावे लागे.

वर मिळणारा फायदाही मोठा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. ८ मेगाहर्ट्झच्या ज्या जागेत एक ॲनालॉग वाहिनी मावे, तिथे ६४ क्वॅम या डिजिटल पद्धतीने आणि ६.८७५ मेगासिम्बॉल दराने, त्रुटी-दुरुस्तीचा भाग वजा जाता, सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट मिळतात. एमपेग-४ या चित्र आवळण्याच्या पद्धतीत १५ ते २० साध्या वाहिन्या आरामात. आणि डिजिटल सिग्नल जुन्या तारेला सांभाळून घेतो. ॲनालॉगला घरात ६० डीबी-मायक्रोव्होल्ट इतकी सिग्नलची पातळी लागे, तिथे ६४ क्वॅम ४७वरही चालते. म्हणजे नियम पाळायला तार बदलण्याची गरजच उरली नाही. पैसा गेला तो हेडएंड आणि बॉक्समध्ये. पिळलेले जोड जिथल्या तिथे राहिले.

परतीची वाट उघडायची असती तर काय करावे लागले असते ते सांगतो, म्हणजे अंतर कळेल. तीनशे-पाचशे घरांमागे एक फायबर नोड (जिथे फायबर संपून कोॲक्स सुरू होते ती पेटी) आणायचा, नोडनंतर तीन-चारपेक्षा जास्त अँप्लिफायर ठेवायचे नाहीत. प्रत्येक अँप्लिफायर दुहेरी हवा, त्यात ६५ आणि ८५ मेगाहर्ट्झमध्ये सिग्नल वेगळे करणारे फिल्टर. टॅपचे (मुख्य तारेवरून घरांना फाटे देणाऱ्या पेटीचे) प्रत्येक रिकामे तोंड ७५ ओहमच्या टर्मिनेटरने बंद. पिळलेले सगळे जोड काढून दाबून बसवलेले एफ-कनेक्टर. अँप्लिफायरला वीज ग्राहकाच्या मीटरवरून नको, तारेतूनच ६० व्होल्टची, मागे बॅटरी. महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात ही शेवटची बाबच अनेकांना परवडली नसती.

आणि एवढे करूनही रोजचा त्रास संपत नाही. पुढे जाणारा सिग्नल एका टोकाकडून पाचशे घरांत पसरतो, तर परतीच्या वाटेवर पाचशे घरांचा गोंगाट एका नोडवर जमा होतो. नाक्यावरच्या एका घरात जोड सैल असेल तर मिक्सर, जुना चोक, दुचाकीचा स्पार्क, शॉर्टवेव्ह रेडिओ, सगळे त्यातून आत शिरते आणि अख्ख्या नोडचे अपलोड कोलमडते. लक्षण ठरलेले: टीव्हीचे चित्र स्वच्छ, इंटरनेट मात्र संध्याकाळी तुटते, कारण चित्र वरच्या फ्रिक्वेन्सीवर आणि गोंगाट ३० मेगाहर्ट्झच्या खाली. शोधायचे ते हेडएंडला स्पेक्ट्रम ॲनलायझर (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती गोंगाट ते दाखवणारे यंत्र) लावून, नोडवरची एकेक फांदी क्षणभर सोडवत. ज्या फांदीला गोंगाट खाली बसतो, तिथून पुढे टॅपगणिक चालत जायचे. मुंबई-पुण्यात केबल मोडेमवर इंटरनेट ज्यांनी नीट चालवले, त्यांनी हे काम नेमाने केले. तंत्र इथे चालते हे त्यांनी दाखवून दिले. पण ते सर्वत्र पसरावे असे कोणतेच नियम नव्हते.

अमेरिकेची गोष्ट वेगळी का, याचे उत्तरही कागदावर आहे. तिथे स्थानिक प्रशासन केबल कंपनीला ठरावीक भागाचा हक्क देई. १९७८च्या कायद्याने वीज आणि फोन कंपन्यांच्या खांबांवर केबल टाकण्याचे दर ठरवण्याचा अधिकार संघीय दळणवळण आयोगाला मिळाला. जागा पक्की, खांब पक्का, म्हणून कर्ज काढून दुहेरी जाळे बांधता आले आणि १९९७मध्ये डॉक्सिसचे (केबलवरच्या इंटरनेटचे) पहिले मानक आले तेव्हा तार तयार होती. २००२मध्ये आयोगाने केबल मोडेम सेवेला ‘माहिती सेवा’ ठरवले, म्हणजे फोनसारखी दूरसंचार सेवा नव्हे, २००५मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, आणि आपली तार प्रतिस्पर्ध्याला देण्याची सक्ती केबल कंपन्यांवर आली नाही. याचा तोटाही झाला. अनेक गावांत ग्राहकाला एकाच कंपनीवर भागवावे लागते. आपल्याकडे गल्लीत तीन पर्याय दिसतात, ते आपल्या विस्कळीत सुरुवातीचेच चांगले फळ आहे.

आता इंटरनेटच्या बाजूने पाहू. २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटले. बाजारात लगेच २५६चेच प्लॅन आले आणि मर्यादा संपल्यावर वेग पाडायचा तोही तेवढाच. व्याख्या ५१२वर गेली २०१३मध्ये, २ मेगाबिटवर गेली थेट जानेवारी २०२३मध्ये. व्याख्येतला किमान आकडा विकण्याचा आकडा होतो, हे नियम लिहिणाऱ्यांनी नेहमी ध्यानात ठेवायला हवे. त्याच २००४मध्ये ट्रायने बीएसएनएल-एमटीएनएलच्या तांब्याच्या तारा इतरांना वापरू द्याव्यात अशी शिफारस केली होती. सरकारने ती सक्ती केली नाही. म्हणजे तांब्याची तार सरकारी कंपनीकडे बंद, कोॲक्स एकेरी. खासगी इंटरनेटवाल्याला स्वतःची तिसरी तार टाकण्याशिवाय रस्ता उरला नाही. सुरुवातीला त्याने गच्चीगच्चीवरून इथरनेटची तार टाकली, पावसाळ्यात विजेने स्विच जळाले, मग फायबर आले.

केबलचालकाची अडचण आणखी एक होती: दोन कायदे, दोन मंत्रालये. टीव्हीसाठी तो माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या कायद्याखाली, इंटरनेटसाठी दूरसंचार विभागाच्या परवान्याखाली. युनिफाइड लायसन्समध्ये इंटरनेट सेवेचे तीन वर्ग होते. देशभरासाठी प्रवेश फी ३० लाख, एका सर्कलसाठी (ढोबळमानाने एका राज्यासाठी) २ लाख, छोट्या क्षेत्रासाठी २० हजार. वर बँक हमी आणि समायोजित सकल महसुलाच्या ८ टक्के परवाना शुल्क. हिशेबाच्या या झंझटीमुळे बहुतेक लहान चालक परवाना न घेता एखाद्या इंटरनेट कंपनीचे भागीदार झाले. ते गैर नाही. पण करारात फायबर कोणाच्या मालकीचे, ओएलटी (फायबरच्या केंद्राकडच्या टोकाचे यंत्र) कोणाचे आणि ग्राहकाची नोंद कोणाकडे, हे तीन मुद्दे लिहून घ्या. भांडणे बहुधा याच तिन्हींवरून होतात.

तार टाकण्याच्या हक्काचेही तसेच. २०११च्या दुरुस्तीने केबल कायद्यात कलम ४ब आले, त्याने केबलचालकाला सार्वजनिक जागेतून तार नेण्यासाठी परवानगी मागता येते. पण मुदत, दर, ६० दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे धरणे, ही ठोस यंत्रणा नोव्हेंबर २०१६च्या राइट ऑफ वे (तार नेण्याच्या हक्काच्या) नियमांत होती आणि ते नियम दूरसंचार परवानाधारकांसाठी होते. त्यातही खोदून टाकायच्या फायबरचा आणि टॉवरचाच विचार होता. खांबावरून जाणाऱ्या तारेला सरळ वाट मिळाली ऑक्टोबर २०२१च्या दुरुस्तीने, किलोमीटरला जास्तीत जास्त १,००० रुपये एकदाच. आता २०२३च्या दूरसंचार कायद्याखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५पासून लागू आहेत. शहरात रस्ता खोदून पूर्ववत करण्याचा आकार भरायचा, पावसाळ्यात खोदकाम बंद, आणि खांबाचा दर वर्षानुवर्षे ठरलेलाच नव्हता. मग तारा गच्च्यांवरून आणि झाडांवरून लोंबकळणारच. त्या लोंबणाऱ्या तारांसाठी एकट्या केबलवाल्याला दोष देणे अन्यायाचे आहे.

नियमांच्या बाजूने आता थोडे बरे दिवस आहेत. सप्टेंबर २०२३च्या केबल नियमांत ब्रॉडबँडवाल्यांबरोबर पायाभूत सुविधा वाटून घेण्याची तरतूद आली. जानेवारी २०२५पासून केबलचालकाची नोंदणी टपाल कार्यालयाऐवजी थेट मंत्रालयाच्या पोर्टलवर, पाच वर्षांसाठी, ५,००० रुपयांत होते. पाच वर्षांचा कागद हातात असला की बँकेशी बोलता येते.

आज नवे बांधायचे असेल तर एकाच फायबरवर दोन्ही: पॉनवर (एकच फायबर अनेक घरांत वाटण्याच्या पद्धतीवर) इंटरनेट, १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशावर टीव्ही. हिशेब करून दाखवतो. ओएलटीच्या पोर्टमधून +३ डीबीएम (प्रकाशाच्या शक्तीचे माप) निघाले. घट अशी: ५ किलोमीटर फायबरला दीड डीबी, १:८चे दोन स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश आठांत वाटणारे) ओळीने म्हणजे सुमारे २१, चार कनेक्टर १.६, सहा स्प्लायसिंग (वितळवून केलेले जोड) ०.६. एकूण २४.७, घरात पोहोचले उणे २१.७. जीपॉन या प्रकारच्या ओएनयूची (घरातल्या यंत्राची) मर्यादा उणे २७ असते, म्हणजे ५ डीबी हातात राहतात. ईपॉन या दुसऱ्या प्रकारच्या, उणे २४च्या स्वस्त ओएनयूवर सव्वादोनच उरतात, आणि दोन वर्षांत कनेक्टरवर धूळ बसली, तार एखाद्या खिळ्याभोवती वाकली की ते संपतात. नवी जोडणी उणे २४च्या खाली गेली तर ती देऊ नका, आधी जोड तपासा.

टीव्हीसाठी ईडीएफएचा (प्रकाश वाढवणाऱ्या यंत्राचा) पोर्ट +१८ डीबीएमचा घेतला तर याच मार्गाने घरात उणे सातच्या आसपास मिळतात, ते पुरते. कनेक्टर मात्र हिरवेच, एपीसीच (तिरक्या टोकाचे). निळा यूपीसी एक जरी मध्ये आला तरी प्रकाश परावर्तित होतो, टीव्हीला चौकोन पडतात आणि इंटरनेट मात्र ठीक चालते, म्हणून तंत्रज्ञ भलतीकडेच शोधत राहतो. आणि +१८चा हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. फायबरचे टोक डोळ्यापुढे धरू नका, पॉवर मीटरच वापरा.

खरेदीत धोरण पुन्हा आडवे येते. १५ जून २०२१पासून परवानाधारकाला आपल्या जाळ्यात विश्वसनीय स्रोताचीच नवी उपकरणे जोडता येतात, आणि ओएलटी-ओएनयूला दूरसंचार विभागाचे सक्तीचे चाचणी-प्रमाणपत्र लागते. दुकानात स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले ओएलटी इंटरनेट कंपनीने जोडायला नकार दिला तर पैसे बुडाले. म्हणून आधी तिच्याकडून मंजूर मॉडेलची यादी लेखी घ्या, मग ऑर्डर द्या.

स्वतःचा परवाना घेतलात तर नोंदी ठेवण्याचा भार येतो. डिसेंबर २०२१च्या बदलाने इंटरनेट वापराच्या नोंदी दोन वर्षे जपाव्या लागतात. सार्वजनिक आयपी पत्ते थोडे, ग्राहक जास्त, म्हणून एका पत्त्यामागे अनेकजण बसवतात. प्रत्येक कनेक्शनची ओळ लिहू लागलात तर डिस्क आठवड्यात भरेल. ग्राहकाला सुमारे १,००० पोर्टचा (आयपी पत्त्याखालच्या उपक्रमांकांचा) गठ्ठा द्या. एका पत्त्यावर साठएक ग्राहक बसतात आणि नोंद फक्त गठ्ठा दिल्या-घेतल्याची होते. राउटर आणि नोंदीचा सर्व्हर दोघांचे घड्याळ एनटीपीने (जाळ्यावरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळलेले हवे. तपास यंत्रणेने वेळ देऊन विचारले आणि तुमचे घड्याळ चार मिनिटे मागे असेल, तर भलत्याच ग्राहकाचे नाव पुढे जाईल.

गावाकडचे उत्तर भारतनेटशी, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या सरकारी योजनेशी, जोडलेले आहे. परवाना शुल्काच्या ८ टक्क्यांतले ५ टक्के ज्या निधीत जातात, त्यातूनच ते बांधले जाते. २०११मध्ये मंजूर झालेल्या योजनेत तालुक्याचे ओएलटी आणि ग्रामपंचायतीचे ओएनटी (ओएनयूसारखेच यंत्र) जीपॉनने सरळ रेषेत जोडायचे ठरले, आणि खर्च वाचावा म्हणून तालुक्याकडून मधल्या जोडापर्यंत बीएसएनएलचे आधीचे फायबर वापरायचे. कागदावर पैसे वाचले. प्रत्यक्षात जुन्या फायबरचा लॉस जास्त, आणि रस्ता रुंदीकरणात जेसीबीने एका जागी तार तोडली की त्यापुढच्या सगळ्या ग्रामपंचायती अंधारात. साध्या पॉनमध्ये दुसरी वाट नसते. ऑगस्ट २०२३मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटींच्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच वर्तुळाकार रचना आणि ग्रामपंचायतीपर्यंत राउटर आले: एक बाजू तुटली तर दुसरीकडून वाहतूक वळते.

ग्रामपंचायतीवरून जोडणी घेऊन गावात पुढे वाटायची असेल तर तीन गोष्टी आधी विचारा. वर्तुळ खरोखर बंद झाले आहे की अजून एकच बाजू चालू आहे. ग्रामपंचायतीच्या खोलीत वीज गेल्यावर बॅटरी किती तास टिकते. आणि खोलीची किल्ली कोणाकडे असते. तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण शनिवारी संध्याकाळी राउटर अडकला आणि किल्ली सोमवारी येणाऱ्या माणसाकडे असेल, तर दोन्ही बाजूंचे फायबर शाबूत असूनही गाव दोन दिवस बंद राहते. किल्लीची दुसरी प्रत तुमच्याकडे राहील असे ग्रामपंचायतीकडून लेखी घ्या.